फोटोची काच

अरे, आठवलं की अजून डोकं फिरतं. लातूरच्या गॅरेजात दोन कॅमेऱ्यांनी चाकांचा कोन मोजायचं मशीन दादा चालवायचा. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद दाखवून तो कॅमेरे जुळवायचा. दादा वारला. तेरावं झालं अन् गॅरेजचा शेठ मला म्हणाला, "तुझ्या भावानं मशीन बिघडवून ठेवलं. माप चुकायलंय."

बघतो तर कागद फुगलेल्या पुठ्ठ्यावर! चौकटीच वाकड्या, मग कॅमेरे जुळणार कसे?

"दादानं सपाट काचेवर लावला होता. काच कुठं हाय?"

शेठनं भिंतीकडं बोट केलं. हार घातलेल्या दादाच्याच फोटोला ती बसवली होती.

मी फ्रेम उचकटली, काचेवर कागद चिकटवला, कॅमेरे जुळवले. माप बरोबर आलं. शेठ बिनकाचेचा फोटो परत टांगायला लागला.

"हार नंतर घाला, शेठ. आधी म्हणा, दादाचं माप बरोबर होतं."