फी माफ

—फुकट? युरोपात शिक्षण फुकट असतं, हे कोणी सांगितलं तुम्हाला? आ करा. अजून. हां. अहो काका, बाहेर बाकावर इंग्रजीत पुटपुटत बसलेली ती मुलगी कोण म्हणून विचारलंत ना— ती माझी पोरगी. सांडपाणी शुद्ध करण्यात मास्टर्स करायचंय तिला. प्रवेश मिळाला, फी माफ— अख्ख्या बिल्डिंगीनं पार्टी मागितली! मग कळलं, फी माफ म्हणजे नुसती फीच माफ. वर्षभराच्या खाण्यापिण्याचा पैसा आधी तिकडच्या बँकेत अडकवून ठेवायचा, मग ते आपलाच पैसा आपल्याला दर महिन्याला थोडाथोडा देणार— जसं काही आपण पहिल्याच दिवशी सगळा उधळून मोकळे होणार होतो! विमा वेगळा, व्हिसा वेगळा, तिकीट वेगळं, आणि खोली— काका, या खुर्चीभोवती चार भिंती घाला, तेवढी खोली, आणि भाडं माझ्या या दवाखान्याच्या दुप्पट. म्हणे प्रगत देश!

दुखतंय का? नाही ना? मग हात खाली.

बँकेत गेलो तर बँक म्हणते घर तारण ठेवा. घर या मशिनींपायी आधीच गहाण पडलंय, ते दोनदा कसं ठेवू? मग राहिला तो शिष्यवृत्ती निधी— कुणा कारखानदारानं मरताना काढलेला. आज पाचला मुलाखत आहे तिची. आणि घेणार कोण? निवृत्त म्हातारे! एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला झोप आवरत नाही, आणि हे ठरवणार माझी पोरगी हुशार की नाही. विचारतात काय, तर शिकून परत येणार का? अरे, आधी जाऊ तर द्या! येईल न येईल, ती गेली की संध्याकाळी हा दवाखाना मला खायला उठणारय, ते माझं मी बघेन. आणि अट काय, तर पोर हुशार हवं आणि बाप गरीब हवा. म्हणजे दात असलेले शोधायचे आणि चणे नसल्याचा दाखला मागायचा! गरिबांना निधी, श्रीमंतांना बाप, मधल्यांनी काय बोंबलायचं?

मग काय, झालो गरीब. त्यात काय अवघड आहे? निम्मे पेशंट रोख देतात, ते कागदावर आणलेच नाहीत की झाला डॉक्टर दरिद्री. गाडी मेव्हण्याच्या नावावर. अहो हात खाली ठेवा हो, मशीन फिरतंय, जीभ कापली जाईल! आमच्या अर्जातला आकडा वाचलात तर रडाल तुम्ही. त्या म्हाताऱ्यांना काय कळतंय— चहा पितील, सही ठोकतील, घरी जातील. अकलेचे कांदे नुसते.

झालं. चूळ भरा. थुंका. दोन तास त्या बाजूनं चावू नका. हां, बोला आता, मघापासून काहीतरी सांगायचंय तुम्हाला.

निघायचंय? पाचला कुठं पोचायचंय म्हणालात?

तुम्ही?

बसा. नाही, बसा ना साहेब, एक मिनिट. हळू— हळू बोला, दार लोटलेलंच आहे नुसतं. अर्ज मी भरला. ती भांडली माझ्याशी. खरा आकडा लिहा म्हणाली, नाही मिळाली तर नाही मिळाली. सही करत नव्हती, हातापाया पडून घेतली मी. तिची काही चूक नाही हो. मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन, पण तिला मुलाखतीच्या खोलीतनं बाहेर काढू नका. तिला पाण्याबद्दल विचारा. एकदा विचारून तर बघा, कशी बोलते ते—

काय गं? आत कशाला आलीस? काही नाही, जा तू, उशीर होईल. केस बांध नीट. हे? कोणी नाही. पेशंट आहेत, दाढ भरायला आले होते.