जुन्या राउटरचा रस्ता

आई : बघ, दार लावून बसली आहे तुझी राणी. मी जरा बोलले तर एवढं झोंबलं! काल टेबल सरकवून झाडायला हिला कुणी सांगितलं होतं? वायर ओढली, नेट घालवलं आणि वर तोंड फुगवायचं!

धाकटा : आई, वायर जागच्या जागी आहे. दिवाही लागलाय.

आई : मग त्या तुझ्या लिनक्सचा दोष. फुकट ते पौष्टिक म्हणून कॉम्प्युटरात घातलंस ना?

धाकटा : ते बिचारं सांगू तेवढंच करतं. थांब जरा. तीन वाजता तिची नोकरीची परीक्षा आहे, फोनवर देता येत नाही. पाऊण तास उरलाय.

आई : फोनवर तर नेट चालतंय की!

धाकटा : तेच कोडं आहे. हे बघ, राउटरला पिंग करतो. म्हणजे हाक मारतो, "आहेस का?" तो म्हणतो, "आहे." आता बाहेर हाक मारतो... कुणी ओ देत नाही.

आई : उंबऱ्यापर्यंतच शूर. अगदी तुझ्या वडिलांसारखं.

धाकटा : रस्त्यांची यादी काढतो... अरे देवा.

आई : चेहरा का उतरला?

धाकटा : या मशीनमध्ये बाहेर जायचे दोन रस्ते लिहिलेत. एक नव्या राउटरचा, एक माळ्यावरच्या जुन्याचा. जुन्याचा पसंतीक्रमाचा आकडा लहान, म्हणून सगळं तिकडेच जातंय.

आई : लहानाला मान? उलटाच कारभार.

धाकटा : तो रस्ता मी लिहिलाय, आई. रविवारी नवी लाइन अडखळत होती तेव्हा. कायमचा म्हणून साठवला आणि विसरलो. काल तू तिला बोलत होतीस तेव्हा शंका आली होती मला.

आई : आणि मूग गिळून बसलास!

धाकटा : बसलो. पण मंगळवारपर्यंत चालत होतं सगळं. जुना राउटर अजूनही हाकेला ओ देतोय, त्याच्यापुढे मात्र वाटच नाही. जुनी लाइन कुणी तोडली?

(आई चष्मा काढून पुसत राहते.)

धाकटा : आई?

आई : मंगळवारी त्या जुन्या लाइनवाल्यांचा फोन आला होता. म्हटलं, दोन-दोन लाइनी हव्यात कशाला, टाका बंद करून. मला या घरात कोण विचारतं? मग मीही कुणाला विचारलं नाही.

धाकटा : आणि काल तिला म्हणालीस...

आई : काय म्हणाले ते ठाऊक आहे मला. "माहेरी कधी यंत्र पाहिलं नसेल." माहेर काढलं मी तिचं.

धाकटा : जुना रस्ता पुसला. बघ, आली बाहेरून ओ. मी सांगतो तिला.

आई : तू बस. तू सांगशील त्यातलं अर्धं गिळशील. सूनबाई! दार उघड.

सूनबाई : लोटलंय नुसतं, आई. कडी नाही घातली.

आई : रडत होतीस?

सूनबाई : वाचत होते. मग थोडं रडले.

आई : ऐक. वायर तू ओढली नव्हतीस. रस्ता यानं बिघडवला, लाइन मी तोडली, आणि बोल लावला तुझ्या माहेराला. जा, बस मशीनपुढे. परीक्षा झाली की तुझ्या आईला फोन लावून दे. मला बोलायचंय त्यांच्याशी.