गावात आधी कोण आलं

नगरवाचनालयाची नवी ग्रंथपाल हाल्शका दवाखान्याच्या बाकावर बसली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हे जर्मन गाव पोलंडला मिळालं, तेव्हा इथं पहिलं पोलिश कुटुंब कोणतं आलं, हे तिला गावच्या पाटीसाठी हवं होतं. शेजारी दोन म्हातारी माणसं नेमकं त्यावरच वाद घालत होती.

"लेओकाद्या, आमची गाडी सकाळी आली, तुमची संध्याकाळी. पाटीवर नाव आमचंच लागणार."

"बरोबर आहे, सेवेरिनभाऊ. अर्ध्या दिवसात चांगली घरं तुम्हीच पटकावलीत."

"घर चांगलं होतं गं. पण जर्मन बाई नुकतीच गेलेली, चुलीवर तिचं सूप गरम होतं. मी पाच वर्षांचा होतो, भुकेनं रडत होतो. तरी आईनं ते ओतून टाकलं."

"ओतलं खरं. आमच्या वाडग्यात."

"काय सांगतेस?"

"त्या संध्याकाळी पातेलं घेऊन तुमची आई स्टेशनवर माझ्या आईकडे आली होती. म्हणाली, माझ्या घशाखाली उतरत नाही, तू दोन जिवांची आहेस, तू पी. मी पोटात होते ना."

"तरीच तुझी जीभ इतकी तिखट."

"सूप जर्मन होतं, तिखट कुठलं असायला?"



"आणि पातेलं?"

"आहे अजून. काकड्या मुरवते त्यात."

"ऐंशी वर्षं आमच्या आईचं पातेलं वापरतेस, आणि परत करायचं नाव नाही?"

"भाऊ, ते तुमच्या आईचं तरी कुठं होतं?"