चालत राहा

दिव्यानी : जत्रेतला भोंगा बाबायचं नाव ओरडून ओरडून थकला, अन् तू मले देऊळ दाखवून राह्यला? मले माहा बाप पाह्यजे भाऊ! रामाजी. भगवा दुपट्टा, ध्यानात काई राह्यत नाई त्यायच्या.

लोकेश : बाई, सकाळी घाटावर फोटो काढणारा कोण, म्हणून इचारत तुमीच आल्या ना? मीच तो. हा पाहा लॅपटॉपवर. मार्कंड्याचं देऊळ, नदी, सूर्य. माणूस एक नाई.

दिव्यानी : काऊन नाई? जत्रेचा दिवस! मी तिथीच लोटा भरून राह्यली होती. मी कुठी हाय?

लोकेश : हा एचडीआर हाय बाई. सूर्यासमोर देऊळ काळं पडते, देऊळ उजळलं का आभाळ पांढरंफक. म्हणून कॅमेरा न हलवता तीन काढाचे. उजेडाचा, मधला, काळा. मंग तिघायचा एक करतो. जो हालला, तो त्यातून पुसल्या जाते.

दिव्यानी : माहा बाप पुसला तू?

लोकेश : फोटोतून, बाई! तिन्ही अलग अलग हायत ना. हा उजेडाचा.

दिव्यानी : थांब! हा दुपट्टा... बाबाच हायत!

लोकेश : हे आजोबा?

दिव्यानी : तोंड काऊन उतरलं तुहं? बोल ना!

लोकेश : हे हात जोडून उभेच होते. हालेचना. उभा माणूस तिन्हीत येते, पुसल्या जात नाई. म्हणून मीच म्हणलो, 'आजोबा, थांबू नका, चालत राहा.'

दिव्यानी : अरे देवा! आई गेल्यापासून ते सांगतलं तेवढंच करतात रे. जेवा म्हणलं का जेवतात, बसा म्हणलं का बसतात. अन् तू त्यायले चालाले लावलं!

लोकेश : मले काय मालूम बाई...

दिव्यानी : रड मंग! आधी पाह्य, कोणीकडे गेले.

लोकेश : मधल्यात पायरीच्या खाली. काळ्यात... रेतीवर. डोहाकडे तोंड हाय.

दिव्यानी : डोह! अन् माहा भाऊ एसटी स्टँडवर धुंडून राह्यला! हॅलो, रोशन, रेतीत पळ! डोहाकडे! काई इचारू नको, पळ!

(पुन्हा फोन वाजतो तेव्हा घाटावर ऊन डोक्यावर आलेलं असतं.)

रोशन : ताई, सापडले! डोहाच्या अलीकडेच. पायाले फोड आले, तरी चालूनच राह्यले. धरलं तं हात सोडवून घेते.

दिव्यानी : माय माय! बसव ना त्यायले. पाणी पाज.

रोशन : बसतच नाई. म्हणते, फोटोवाल्या पोराचा फोटो खराब होईल.

दिव्यानी : घे रे फोन. तूच बोल.

लोकेश : मी? काय बोलू बाई?

दिव्यानी : चालाले तूच सांगतलं, आता माहं नाई आयकत ते. तुहं आयकतीन.

लोकेश : आजोबा... झाला फोटो. लय चांगला आला. बसा आता.