चंद्रीची झूल

घोडीच्या दोन्ही खांद्यांवर रुपयाएवढी जागा केस झडून लाल झाली होती. कतारगामच्या जनावरांच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे तिचे मालक, नवरा-बायको, उभे होते.

"झूल छातीत आवळते, अहो. किती वेळा सांगू?"

"कापड मजबूत आहे. बारा पावसाळे टिकलंय."

"चंद्रीच्या अंगावर टिकलं! ती शेलाटी होती. ही कणगी आहे."

"माप घेऊन शिवली होती मी."

"मेलेल्या घोडीचं माप! हिच्या छातीला कधी टेप लावली?"

"चंद्रीची तेवढीच आठवण उरलीय, प्रमिला."

"मग आठवण तुम्ही पांघरा! हिची कातडी कशाला सोलता?"

त्याने घोडीच्या लाल जागेजवळ हात ठेवला.

"छातीशी काप," तो म्हणाला. "वीतभर नवं कापड जोड."