गाण्याखालची बाई

हे कुणाला सांगायचं नाही अशी धनसिंगभाऊंनी मला शपथ घातलीय, पण तुम्हाला सांगते, सांगितल्याशिवाय आता घास उतरत नाही हो! मला सांगा, गाणी लोकांनी रचायची, मशीनमध्ये लोकांनी म्हणायची, आणि ती कशी झाली हे मी का सांगायचं? आमचे शेजारी भिकमचंदकाका, डाळमिलवाले, गणपतीच्या मेळ्याचे अध्यक्ष. त्यांच्याकडे आवाज भरायची, फितीची जुनी मशीन आहे. मेळ्यासाठी नवी गाणी हवीत, म्हणून दुपारी मिल जेवणाला थांबली की खिडक्यांना गोधड्या टांगून जो तो येऊन गातो, मग भरलेलं गाणं मशीन पुन्हा ऐकवते. काकांचे कान मिलच्या घरघरीनं गेलेले, म्हणून बोलावतात मला. "ही पोर खोटं बोलत नाही!" कशी बोलणार? मी बोलतच नाही!

परवा साक्रीचे भटूनाना आले. गाणं एस्टीवर, आणि एस्टी दर कडव्याला एकेका गावी थांबते! "पोरी, कसं शे मनं गानं? बठ्ठं सांग!" सगळं सांग म्हणे! मी म्हणणार होते, नाना, थोडी गावं गाळा... तेवढ्यात मशीनमधून ऐकू आलं. नानांच्या आवाजाखाली एक बाई गात होती. मारवाडी अंगाई, बांगड्या वाजवत, अगदी हळू, शेजारच्या खोलीत पाळणा हलवत असावी तशी. नाना श्वास घ्यायला थांबले की ती पुढे यायची... नानांना गाणं लांबलंय एवढंच सांगितलं, बाईचं नाही.

मशीन चालवतात काकांचे मुनीम धनसिंगभाऊ. काल संध्याकाळी त्यांना बाहेर गाठून विचारलं, "भाऊ, ती बांगड्या वाजवत गाणारी बाई कोण?" त्यांनी आधी मागं बघितलं, मग सांगितलं. जतनकाकू! काकांची बायको, माघात वारलेली! एकदाच हौसेनं अंगाई म्हणून ठेवली होती. ते रीळ काका कपाटात जपतात, लावत नाहीत, ऐकवत नाही म्हणून, पण ते आहे एवढ्यावरच जगतात. आणि काकांनी कपाट उघडून दिलं तेव्हा भाऊंनी कोरं समजून नेमकं तेच काढलं, कोरं राहिलं कपाटात, किल्ली काकांच्या करगोट्याला! "मशीन आधीचं एकदम पुसत नाही गं. दर गाण्याला थोडं थोडं पुसते. सांगू नको माय, माझी नोकरी जाईल!"

म्हणजे बघा, मी गाण्याला नावं ठेवली की रीळ मागं गुंडाळायचं आणि पुढचं गाणं त्याच्यावरच! नानांना मी नापास केलं. मग काल दुपारी कुंदाबाई मास्तरीण गायल्या, बेसूर, तेही खरं सांगितलं, तेव्हा खाली शब्द उरले नव्हते, नुसत्या बांगड्या... आता कळतंय, काकूंना पुसतंय कोण? मीच!

आज काका स्वतः बसले. काकूंवर गाणं रचलंय त्यांनी. आवाज फाटका, ताल भलतीकडे, आणि तुम्हाला सांगते, मशीनमध्ये ते कडव्याला थांबले की खालून "हूं..." थांबले की "हूं..." शब्द गेले, बांगड्या गेल्या, हुंकार तेवढा राहिलाय, आणि तोही बरोब्बर यांच्या थांबण्यावर! भाऊ भिंतीला चिकटलेले. काकांनी डोळे पुसले. "बेटा, कसं झालं? खरं सांग."

जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. म्हटलं, "छान झालं, काका. पुन्हा म्हणू नका."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "सुनंदा, तुझ्या तोंडावर दिसतंय गं. नाही ना जमलं?"

तशी पळत बाहेर आले, ती तुमच्यासमोर उभी आहे. आता तुम्हीच सांगा, खरं बोलावं तर भाऊंचं पोट जातं, खोटं बोलावं तर...

"सुनंदाऽ! ये बेटा, रीळ मागं घेतलंय, पुन्हा म्हणतो!"

आले काका! थांबा, सुरू करू नका! बघितलंत? आयुष्यात एकदा खोटं बोलायला गेले, तर तेसुद्धा असं बेसूर निघालं की आता काकूंचा तेवढा हुंकारही...