जोडीला जाऊ

उन्हाळी मेळाव्यात तीन पायांच्या शर्यतीची रांग लागली होती. माझ्यापुढे दोन बायका उभ्या होत्या. थोरलीचा डावा पाय धाकटीच्या उजव्या पायाला ओढणीनं बांधलेला होता.

“माझं नाव तूच घातलंस.”

“मी कशाला घालू, जाऊबाई? ऐनवेळी यांचा गुडघा आखडला. नोंदणीवाला विचारतो, जोडीला कोण? मी वैतागून म्हटलं, जाऊ दे. त्यानं लिहिलं, जाऊ.”

“आणि ‘दे’?”

“ते खाल्लं त्यानं. पण भोंग्यावर पुकारलं, तर तुम्ही आलात कशाला?”

“अख्ख्या मैदानात तुझी जाऊ मी एकटीच. तोंड कुठे लपवू?”

“दोन वर्षं माझ्यापासून बरं लपवलंत!”

“माझ्या शिवणयंत्राची सुई मोडलीस, वर म्हणालीस, फार जुनं झालंय, कुरकुर करतं.”

“यंत्राला म्हणाले हो!”

“माझ्याकडे बघून म्हणालीस.”

“तुम्ही यंत्राला टेकून उभ्या होतात.”

थोरली खुदकन हसली.

“हसताय काय? आधी कुठला पाय टाकायचा ते सांगा.”

“बांधलेला.”

“आणि पडलो तर?”

“तू खाली, मी वर. मान थोरलीचा.”

शिट्टी वाजली. चार पावलांत दोघी आडव्या झाल्या. थोरली खाली होती. हसू आवरेना म्हणून उठायलाही वेळ लागला. शर्यतीत त्यांचा नंबर शेवटचा आला.

नंतर सरबताच्या रांगेतही त्या माझ्यापुढेच होत्या. ओढणी तशीच होती.

“शर्यत केव्हाच संपली. गाठ सोडून देऊ का?” मी विचारलं.

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं.

“जाऊ दे.”